बर्फाच्या परातीतलं हसू

यंदाही गुढीपाडवा उलटला आणि सोलापूर तापायला लागलं. रस्त्यावरचं डांबर असं मऊ होतं, की चालताना चप्पल मागे राहते आणि पाय पुढे जातो. दुकानदार शटर अर्धं खाली ओढून आत डुलक्या काढतात. अशा दुपारी मी आमच्या फोटो स्टुडिओत ए.सी. लावून कॉम्प्युटरसमोर बसते आणि लग्नातल्या नवरदेवांच्या कपाळावरचा घाम पुसते. माउसनं. बाहेर घाम पुसून पुसून रुमाल ओला होतो, इथं दोन टिचक्यांत काम होतं.

शेजारच्या खुर्चीत माझी सासू असते. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. पायाशी शाल, डोळ्यावर जाड चष्मा, तोंडात बडीशेप. मधूनच स्क्रीनकडे बोट करते आणि म्हणते, "लई गोरा करू नगंस त्याला. त्याची आई वळखायची न्हाय."

अशी दुपार आली की मला एक जुना उन्हाळा आठवतो. माझ्या लग्नाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्याला वास होता. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा आंबूस वास, ओल्या गोणपाटाचा वास, बर्फाला चिकटलेल्या लाकडाच्या भुशाचा वास. आजच्या माझ्या कामाला कसलाच वास नाही. प्रिंट बाहेर येते ती कोरडी, गरम, पापडासारखी.

स्टुडिओ सासऱ्यांनी काढलेला. त्यांना मी मामा म्हणायचे. ते जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. कॅमेरा त्यांचा, पाटीवर नाव त्यांचं, आणि गावात कौतुकही त्यांच्याच 'हाताचं'. पण मामा फक्त फोटो काढायचे. रोल धुणं, एन्लार्जरच्या उजेडात कागदावर चित्र उतरवणं, ते वाळवणं, डाग पडला तर बारीक कुंचल्यानं भरणं, हे सगळं आत्या करायची. केमजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, कांद्याच्या रानात वाढलेली ही बाई स्टुडिओमागच्या बिनखिडकीच्या खोलीत शिरली आणि अर्धं आयुष्य तिथंच राहिली. त्या खोलीत पंखासुद्धा नव्हता. पंख्यानं धूळ उडते आणि ओल्या कागदावर बसते.

आमच्या उन्हाळ्यात डार्करूम चालवणं म्हणजे एक युद्धच. फोटो ज्या पाण्यात उमटतो ते डेव्हलपर गार लागतं. गरम झालं की चित्र भसकन काळं पडतं. म्हणून सकाळी बर्फाची लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली. आत्या ती फोडून मोठ्या पितळी परातीत घालायची आणि परातीत डेव्हलपरचा ट्रे ठेवायची. तिच्या माहेरी त्याच परातीत भाकरीचं पीठ मळायचे म्हणे. बर्फ वितळायच्या आत काम उरकायचं. शिवाय पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार आणि फोटो तर वाहत्या पाण्यात धुवायला हवा. आत्या आधी वापरलेल्या पाण्यात, मग जरा बऱ्या पाण्यात, आणि शेवटी अगदी स्वच्छ पाण्यात, असा टप्प्याटप्प्यानं धुवायची. धुण्यात कसर केली की काही वर्षांत फोटो पिवळा पडतो.

रंगीत रोल तोवर बाहेरच्या लॅबला जायला लागले होते. डार्करूमला उरले होते परीक्षेच्या फॉर्मचे पासपोर्ट फोटो आणि कुणाच्या आजोबांचे जुने फोटो. गिऱ्हाईक म्हणायचं, "अर्ध्या तासात द्या." शेजारच्या चौकात तसं देणारं दुकान निघालं होतं. माझा नवरा दिलीप सगळीकडे फिरून, चौकशी करून आला आणि एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "डिजिटल प्रिंटरशिवाय आता गत नाही. मशीनला जागा एकच आहे. मागची खोली."

पानावरची भाकरी मोडता मोडता आत्या थांबली. मग परत मोडायला लागली.

लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. म्हणजे नवं मशीन चालवणार मी. ज्या खोलीत तिनं आयुष्य काढलं त्या खोलीत मी तिच्या जागेवर बसणार. तिला काय वाटत असेल ते मीच मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होते. घरात तिघं माणसं, आणि तिघंही एकमेकांना जपून वाढत होती, जपून बोलत होती. अशा घरात उकाडा जास्तच जाणवतो.

त्याच दिवसांत रेवणसिद्ध आला. दुधनीचा, तिथल्या अडतीवर कामाला, तिशीच्या आतला. दुधनी कर्नाटकाला खेटून, त्यामुळे त्याच्या मराठीत कानडी मिसळलेली. उन्हानं तोंड काळवंडलेलं, पण शर्ट इस्त्रीचा.

"माझं वडील गेलं री हिवाळ्यात," तो म्हणाला. "भिंतीवर फोटो लावलाय. एकटंच दिसतंय. आईचा फोटोच न्हाय. मी आई बघितल्यालंच न्हाय री. मी तान्हा हुतो तवाच गेली."

त्याच्या मावशीनं, म्हणजे त्याच्या चिक्कव्वानं, त्याला सांगितलं होतं, की दुधनीतल्या एका लग्नात सोलापूरच्या फोटोवाल्यानं बायकांचा फोटो काढला होता आणि त्यात त्याची आई आहे. मांडवाच्या खांबाशेजारी, हातात आरतीचं ताट घेतलेली. ज्यांच्या घरी तो फोटो होता, तिथं तो वाळवीनं खाल्ला.

मामांनी आयुष्यात एकही निगेटिव्ह टाकून दिली नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांवर गावांची नावं घालून सगळं माळ्यावर ठेवलेलं. दिलीपनं दुधनीचा डबा काढला, आणि मी आणि तो खिडकीच्या उजेडात एकेक पट्टी धरून बघत बसलो. सापडली. ओळीनं उभ्या बायका. खांबाशेजारी ताट घेतलेली एकजण. पण नेमकी तिच्या तोंडावर मांडवाची सावली.

दिलीप ती निगेटिव्ह मित्राच्या दुकानात घेऊन गेला. तिथं नवा स्कॅनर होता. परत आला तो मान हलवत. साड्यांचे काठ दिसत होते, ताटातलं निरांजनसुद्धा दिसत होतं, पण तोंडाच्या जागी काळा डाग. दोष कुणाचाच नव्हता. त्या वेळची यंत्रं तेवढीच होती. आज ती निगेटिव्ह माझ्या हातात आली तर मी चेहरा लगेच वर काढेन, हे मला माहीत आहे. पण रेवणसिद्ध आला तेव्हा आला.

तो हिरमुसून निघाला होता. तेवढ्यात मागच्या दारातून आत्या म्हणाली, "आण हिकडं." तिनं पट्टी डोळ्याजवळ धरली, तिरपी केली, परत सरळ केली. "हाय की. पातळ हाय, पण हाय. सावलीत माणूस मरत न्हाय. चार दिसांनी ये बाबा, आन् मावशीला संगं आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. "सुरेखा, आत ये. पदर खोच. दार लाव."

त्या घरात येऊन एवढे दिवस झाले होते, पण तांबड्या दिव्यात मी उभी राहिले ती पहिल्यांदाच. आधी काही दिसेना. मग हळूहळू परात दिसली, बर्फ दिसला, आत्याच्या बांगड्या दिसल्या. आणि तिचा उजवा हात दिसला. तो थरथरत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हे गेल्यापासनं. दिलीपला बोलू नगंस." मग जरा थांबून म्हणाली, "पासपोर्टला चालतंय. ह्याला चालायचं न्हाय. हात तुजा लागंल."

एन्लार्जरचा दिवा लागला आणि खालच्या पाटावर उलटं चित्र पडलं. उजेड तिथं काळोख, काळोख तिथं उजेड. सावलीतला तो चेहरा इथं सगळ्यांत झगझगीत होता. तोच धोका होता. जिथं उजेड जास्त पडतो तिथं कागद काळा होतो. म्हणून त्या चेहऱ्यावर काही वेळ हाताची सावली धरायची, बाकीच्या चित्राला उजेड पिऊ द्यायचा, आणि हात सतत हलता ठेवायचा.

"हात थांबला की त्येची कड उमटती," आत्या म्हणाली. "तापल्याल्या पोराच्या तोंडावर वारा घालतीस तसं कर. लागू द्यायचं न्हाय, पन सोडायचं बी न्हाय."

पातळ निगेटिव्हवरूनही ठसठशीत चित्र उमटवणारा 'कडक' जातीचा कागद तेव्हाच बाजारातून दिसेनासा झाला होता. पाकिटात शेवटचे थोडे ताव उरलेले. पहिल्या कागदावर माझ्या हाताची कड उमटली. चेहऱ्याभोवती पांढरं वेटोळं, जसं काही चुना सांडलाय. दुसऱ्यावर मी घाबरून हात लवकर काढला आणि चेहरा परत अंधारात गेला. घामानं माझी पाठ भिजली. घामाचा थेंब कागदावर पडेल म्हणून आत्या मध्ये मध्ये तिच्या पदरानं माझं कपाळ टिपत होती. मला आईची आठवण झाली आणि कामावरचं लक्ष उडालं, तर तिनं लगेच दंडाला चिमटा काढला.

बर्फ संपत आला. दाराबाहेरून दिलीपचा आवाज आला, "आई, अजून आणू का?" त्याला कुणी सांगितलं नव्हतं. भर उन्हात स्कूटरवर पायापाशी लादी ठेवून तो दुसऱ्यांदा बर्फ घेऊन आला. दार उघडता येत नव्हतं, म्हणून आम्ही काम आवरेपर्यंत तो तशीच गळती लादी धरून बाहेर उभा होता.

पुढच्या कागदाच्या वेळी आत्यानं तिचा थरथरता हात माझ्या मनगटाखाली धरला. ना दाबून, ना ढकलून. नुसता आधार. एन्लार्जरच्या उजेडात आमच्या दोघींच्या हातांची मिळून एकच सावली पडली होती. "आता सोड," ती म्हणाली, आणि मी हात काढून घेतला.

कागद ट्रेमध्ये सरकवला. पांढरा कागद, वर पाणी. काहीच नाही. मग ताटाची कड आली. खांब आला. काठ आले. आणि मग पाण्याच्या तळातून वर यावा तसा तो चेहरा आला. नाक, कपाळावरचं आडवं भस्म, कुंकू, डोळे. आणि ती हसत होती! ओळीतल्या बाकीच्या बायकांनी हसू दाबायला तोंडावर पदर धरलेला. हिच्या दोन्ही हातांत ताट, म्हणून हिचं हसू उघडं राहिलेलं.

आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. आत्या हळूच म्हणाली, "काय गं बाई झालं हुतं एवढं हसायला?"

मग धुवायचा प्रश्न आला. नळाचं पाणी अजून दोन दिवस येणार नव्हतं. बादलीत तळाशी थोडं गढूळ पाणी. दिलीपनं स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा माठ उचलला आणि बाहेर आणून ठेवला. त्या संध्याकाळी आम्ही शेजाऱ्यांकडून तांब्याभर पाणी मागून प्यायलो. फोटो मात्र माठातल्या पाण्यानं अंघोळ करून दोरीवर वाळत होता.

फोटो पोस्टकार्डाएवढाच केला होता. त्याहून मोठा केला तर चेहरा फुटेल असं आत्याचं म्हणणं. रेवणसिद्ध मावशीला घेऊन आला. गंगव्वा तिचं नाव. उंच, ताठ, तोंडावर बारीक सुरकुत्यांचं जाळं. तिला मराठी कळायची, बोलता यायची नाही. आत्यानं फोटो आधी तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ आणला.

"इवळे," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "इवळे!"

"'हीच' म्हनतीया," रेवणसिद्ध म्हणाला. त्यानं फोटो मागितला नाही. हात पुढे करायचं धैर्य होत नसावं. गंगव्वानंच तो त्याच्या हातात ठेवला. तो बघत राहिला. एवढा मोठा माणूस, पण मान अशी खाली घातलेली की त्याचा टाळूवरचा भोवराच आम्हाला दिसत होता. मग त्यानं विचारलं, "हसतीया कशाला?"

गंगव्वा कानडीत सांगायला लागली आणि सांगता सांगता स्वतःच हसायला लागली. तो मराठीत सांगत गेला. लग्नात गंगव्वा तेव्हा पोरसवदा. गव्हाच्या खिरीचं पातेलं घेऊन पंगतीकडे निघाली होती. नवं लुगडं पायात आलं आणि ती फोटोवाल्यासमोरच पडली. सगळी खीर फोटोवाल्याच्या बुटांवर. बायका हसल्या, आणि त्या माणसानं न हलता तसाच फोटो काढला.

आत्या एकदम पाटावर बसलीच. "अगं बया! ते बूट!" तिनं तोंडावर हात घेतला. "दुधनीसनं आलं ते चिकट बूट घेऊन. मी इचारलं, तर म्हणं काय न्हाय, चिखल. रातभर मुंग्या! मी ते बूट दगडावर घासघासून धुतलं आन् शिव्या घातल्या. मला कुटं ठावं, ती लगनातली खीर हुती म्हणून!"

रेवणसिद्ध रडत होता आणि हसत होता. एका बाईनं मुंग्या झटकल्या होत्या, दुसरीनं खीर सांडली होती, आणि त्या दोन्हींच्या मधल्या क्षणी त्याची आई उभी होती, हसत. आधी तिच्याबद्दल त्याच्याकडे एवढंच होतं, की ती गेली. आता ती हसली होती, हेही होतं.

दिलीपनं त्या फोटोचा फोटो काढून ठेवला. "हरवला तर?" म्हणाला. ते दोघं गेल्यावर तो बराच वेळ मागच्या खोलीच्या दारात उभा होता. मग म्हणाला, "आई, तू म्हणशील तर ही खोली राहू दे. मशीनचं मी काहीतरी बघतो."

आत्या ट्रे धूत होती.

"कशाला राहू दे? फोड की," ती म्हणाली.

तिनं खोलीभर बोट फिरवलं.

"हितं पंखा न्हाय, वारा न्हाय. एवढं उन्हाळं काढलं मी ह्या खुराड्यात. त्या वासानं जेवण जात न्हवतं. तुमाला काय वाटलं, मी खोलीसाठी गप बसली?"

"मग कशासाठी?" दिलीपनं विचारलं.

तिनं ट्रे पालथा घातला. "मशीन कुटं ठिवायचं ठरलं. सुरेखा कुटं बसनार ठरलं. मी कुटं बसायचं, ते कुनी बोललंच न्हाय."

परातीतला बर्फ तडकला. दिलीपनं माझ्याकडे बघितलं. मीच म्हणाले, "आत्या, माझ्याशेजारी. मला रंगातलं काही कळत नाही. बटणं कुठली दाबायची एवढंच कळतं."

"बघू," ती म्हणाली. पण म्हणताना तिनं हात पदराला पुसले.

पावसाळ्याच्या तोंडावर मशीन आलं. त्याला थंड हवा लागते म्हणून ए.सी. बसला. पहिल्या दिवशी आत्या आत आली, चारी बाजूंनी फिरून त्या वाऱ्याखाली उभी राहिली आणि डोळे मिटले. "मशीनला बरं ठिवत्यात गं," एवढंच म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. सुरुवातीला माउस तिच्या हातातून उंदरासारखाच पळायचा. हात थरथरायचा आणि बाण पडद्यावर सैरावैरा फिरायचा. ती वैतागायची, मी हसायचे, मग तीही हसायची. शेवटी आम्ही वाटणी केली. डोळा तिचा, हात माझा. एकदा चूक पुसून मागचं परत आणायची सोय तिला दाखवली, तर ती कितीतरी वेळ तेच करत बसली. चूक करायची, पुसायची. चूक करायची, पुसायची. "कागद वाया जात न्हाय व्हय?" म्हणाली. आयुष्यभर ताव वाचवत आलेल्या बाईला तो केवढा आनंद!

मला कुणी विचारतं, जुनं चांगलं की नवं? मला उत्तर देता येत नाही. डार्करूममध्ये काम चालू असताना काय होतंय ते दिसत नाही, सगळं झाल्यावर पाण्यात दिसतं, तेवढा वेळ विश्वास ठेवावा लागतो. इथं प्रत्येक गोष्ट होता होताच दिसते, आणि कुठं थांबायचं ते आपणच ठरवावं लागतं. दोन्ही अवघड आहे. आणि दोन्हीकडे शेजारी कुणीतरी असलेलं बरं.

यंदाच्या वैशाखात दुधनीहून आमंत्रण आलं. रेवणसिद्धच्या मुलीचं लग्न. उन्हाचं कशाला म्हणून मी आत्याला नको म्हणत होते, पण ती पहाटेच नवं लुगडं नेसून तयार.

मांडवाच्या दारात आम्ही थबकलो. पाहुण्यांच्या स्वागताचं फ्लेक्स लावलेलं, दोन पुरुष उंचीचं. त्यावर रेवणसिद्धच्या वडिलांच्या शेजारी ती. आरतीचं ताट घेतलेली. फोटोचे कण ज्वारीच्या दाण्याएवढे फुटलेले, पण चेहरा शाबूत. पोस्टकार्डावर कधी लक्षात आलं नव्हतं ते इथं लांबूनसुद्धा दिसत होतं. वरच्या ओळीतला एक दात दुसऱ्यावर चढलेला.

गंगव्वा आता काठी टेकत चालते. ती आत्याला बिलगली आणि फ्लेक्सकडे बोट करून काही बोलली. रेवणसिद्धनं सांगितलं, "चिक्कव्वा म्हनतीया, त्या दातापायी आई जन्मभर पदर धरूनच हसायची. उघडं हसनं असं ह्येच एक."

तेवढ्यात नवरी आली. अंगभर हळद, हातभर चुडा. तिनं आत्याला वाकून नमस्कार केला आणि वर बघून हसली. तोच दात, त्याच बाजूला, तसाच चढलेला.

"सगळे म्हणत होते तार लावून घे," नवरी म्हणाली. "कॉलेजात मैत्रिणी पण म्हणायच्या. मी म्हटलं, नाही. माझ्या आजीचा आहे."

आणि ती परत हसली, दोन्ही हात मोकळे असताना.